माझा पेला

म्हशीची धार काढून उठताना उजव्या गुडघ्यात अशी कळ आली, की मी चरवीसकट खाली बसले.

वर्षभर गुडघा कुरकुरत होताच. "हाडं झिजली, दूध पीत जा," असं शेजारणी म्हणायच्या. म्हणून चाळीस वर्षं सगळं दूध डेअरीला घातल्यावर आता कुठे मी रोजचा एक पेला स्वतःसाठी ठेवू लागले होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाडाच्या बाहेर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. "स्नायूच्या टोकाला कॅल्शियम साचलंय, मावशी. म्हणून अचानक दुखलं."

"दुधानं?"

"दुधाचा काही संबंध नाही, खुशाल प्या. फक्त महिनाभर उकिडवं बसू नका."

आमचे मालक शेजारीच बसले होते. एवढ्यातलं त्यांनी कॅल्शियम तेवढं ऐकलं. घरी येताच माझा पेला डेअरीच्या कॅनमध्ये रिकामा केला. "साचलंय नव्हं? मग आता दूध बंद."

भांडायलाही अंगात बळ लागतं. संध्याकाळी म्हैस रेकू लागली, तशी चरवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मला उकिडवं बसायचं नाही. तुम्ही बसा."

लग्न झाल्यापासून ते कधी धारेला बसले नव्हते, आणि आमची म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. तासाभरानं एका हातानं कंबर धरून ते गोठ्यातून बाहेर आले. चरवीच्या तळाला जेमतेम पेलाभर दूध होतं.

मी पेला पुढे केला.