सवतीचा ताप

आमच्या ह्यांनी हौसेने स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर म्हणजे माझी सवतच. हे कामावर गेले तरी ती घरात दिवसभर चालू. तिला तीन-तीन पंखे, दर रविवारी ब्रशने धूळ झाडणं, आणि आतलं तापमान ऐंशीच्या वर गेलं की ह्यांच्या मोबाइलवर लगेच घंटा!

गेल्या महिन्यात मी तापाने फणफणले होते. फोन केला तर म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे गं, गोळी घे आणि पड जरा." त्याच आठवड्यात सवतीचा एक पंखा अडकला, तर अर्ध्या तासात धापा टाकत घरी हजर. बूटही न काढता तिच्यापुढे बसले आणि कपाळ पुसावं तशी तिची जाळी पुसत म्हणाले, "बिचारा किती तापला होता!"

आज आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. दुपारी तरी एकत्र जेवू म्हणून सकाळपासून चार फोन केले. एकही उचलला नाही.



मग मी कपाटातली जाड रजई काढली, सवतीच्या अंगावर नीट पांघरली आणि दोन ताटं वाढायला घेतली.