वाढ

‘थोडी वाढ आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आईनं मांडीवरच्या ढमीला जवळ ओढलं.

मेला तो शब्द! पहिल्यांदा याच खोलीत तो तिच्या कानावर आदळला होता. ढमीच्या मूत्रपिंडाला चिकटून गाठ होती. ‘साधी गाठ असते ना, ती आपल्या जागी वाढते,’ बाईंनी तेव्हा समजावलं होतं. ‘कॅन्सरची गाठ शेजारी घुसते, रक्तातून दूर जाऊन तिथंही बिऱ्हाड थाटते. चांगल्या पेशी वाढतात आणि वेळेवर थांबतात. यांना थांबणंच ठाऊक नाही. नुसती वाढ, वाढ आणि वाढ.’

तेव्हापासून घरात तो शब्द बंद झाला. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच झाला. ढमीचा सातवा वाढदिवस ‘केकचा दिवस’ म्हणून पार पडला. आई रोपवाटिकेत कामाला होती. गिऱ्हाइकानं ‘या रोपाची वाढ कशी आहे?’ विचारलं, की ती म्हणायची, ‘उंच होतं.’ आणि बाबा! पूर्वी बसची पाळी संपवून आले, की चपला काढायच्या आधीच दारातून ओरडायचे, ‘वाढ गं, पोटात कावळे ओरडतायत!’ मग ढमी काव काव करत घरभर नाचायची. आता ते हळूच विचारायचे, ‘ताट घेतेस का?’

‘औषध बदलू,’ डॉक्टरीणबाई सांगत होत्या. ‘गाठ आकसली की काढता येईल. पण नवं औषध कडक आहे, एवढ्याशा जिवाला झेपणार नाही. आधी हिच्या पोटात अन्न जाऊ दे. खायला लागली, की लगेच सुरू करते.’

‘आणि नाही लागली तर?’

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. आईला काय समजायचं ते समजलं.

ढमीला ढमी म्हणायचे ते उगाच नव्हे. गालांचे नुसते भोपळे होते. आता कडेवर घेतली तरी वजन लागत नव्हतं. आईनं काय काय नाही केलं! चमचा घेऊन मागे लागली, गोष्टी सांगितल्या, रागावली, शेवटी पोटच्या पोरीपुढे हात जोडले. पोरगी तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायची. तिकडे गाठ माजत होती आणि इकडे लेक झिजत होती.

घरी येऊन आईनं तिला खाटेवर निजवलं. भात टाकला, उतरवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिली. आज तिनं हात टेकले होते. चमचा घेऊन ती गेलीच नाही. रागवावं तरी कुणावर, तेही तिला कळेना.

दुपारी बाबा आले. बायकोच्या तोंडाकडे एकदा बघितलं. पातेल्यावरचं झाकण काढून उभ्याउभ्याच डावानं भात खाऊ लागले. डोळे पुसत होते आणि खात होते. गरम भाताचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला.

‘आई,’ खाटेवरून बारीक आवाज आला. ‘वाढ.’

आई धडपडत धावली. ढमीचा फ्रॉक वर करून पोट चाचपू लागली. ‘कुठं गं? कुठं वाढली? दुखतंय का? थांब, बघू दे मला…’

ढमीनं वैतागून तिचा हात बाजूला सारला.

‘अगं, भात वाढ ना! कावळे ओरडतायत.’