नवरदेवाची शिकवणी

वालूरचा सांबप्पा घोड्यावर बसायला शिकवायचा, पण शिकवण्यापेक्षा ओरडायचा जास्त. त्याला भिऊन सगळे शिष्य पळाले. उरला एकटा राजेश्वर, कारण त्याला स्वतःच्या वरातीत घोडी स्वतःच चालवायची होती. एका संध्याकाळी सांबप्पाची लेक शिवरंजनी बापाला स्कूटी शिकवायला लागली. "आप्पा, पुढं बघा! मान वर! हात का कापायलेत?" ती खेकसली. सांबप्पा इतका गडबडला, की ब्रेकऐवजी हॉर्न दाबून गाडीसकट कडब्याच्या गंजीत शिरला. "अगं, ओरडल्यावर माणसाला काही सुचतंय का?" तो आतूनच कळवळला. बोलला आणि स्वतःच चमकला. दुसऱ्या दिवशी घोडीवर ताठरून बसलेल्या राजेश्वरच्या गुडघ्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "घाबरू नका नवरदेव, लगाम सैल सोडा. लय छान बसलाव." राजेश्वर पांढराफटक पडला. "मास्तर, खरं सांगा," तो पुटपुटला, "घोडी उधळायलीय का?"