फरशीखालची मुलगी

सकाळी लोरेदानाने नेहमीप्रमाणे उभ्यानेच कॉफी घेतली, गाइडचा परवाना गळ्यात अडकवला आणि खाली भावाच्या खानावळीत डोकावली. एत्तोरेने तिला तळघरात नेले. सांडपाण्याचा फुटलेला नळ शोधण्यासाठी तिथली फरशी उकरली होती. खड्ड्याच्या तळाशी, बारीक रंगीत खडे जडवून केलेल्या प्राचीन चित्रात, एक मुलगी बदकाला दाणे टाकत होती.

रोममध्ये जुने काही सापडले की पुरातत्त्व खात्याला कळवायचे आणि धंद्याला कुलूप लावून वाट पाहायची, हा कायदा. खड्डा बुजवायचा आणि प्लंबरला पोटभर जेवू घालायचे, हा गल्लीचा रिवाज. एत्तोरे रिवाजाने चालणार होता.

"रोज मी परक्यांना सांगते, भिंतीला हात लावू नका," लोरेदाना म्हणाली. "आणि माझा सख्खा भाऊ हे करणार? संध्याकाळपर्यंत तू कळव, नाहीतर मी कळवते."

"कळवा, मास्तरीणबाई. तुमचं पोट दगडांवर चालतं, माझं चुलीवर."

तो राग दिवसभर तिच्यासोबत फिरला. भग्न देवळापाशी एक प्रवासी खांबाच्या बैठकीवर टेकला, तर ती त्याच्यावर अशी कडाडली की सगळा गट दोन पावले मागे सरकला.

दुपारी संग्रहालयात एका वृद्ध बाईने विचारले, हल्ली सापडणाऱ्या वस्तूंचे काय होते? लोरेदानाने अभिमानाने नुंत्सियाची गोष्ट सांगितली. शेजारच्या नुंत्सियाला बेकरीच्या भट्टीखाली खड्यांचे मासे सापडले होते. ती ते लपवणार होती. लोरेदानानेच समजूत घालून तिला कळवायला लावले. भट्टी विझली ती कायमची, आणि नुंत्सिया दूरच्या गावी लेकीकडे राहायला गेली. पण मासे इथे सुरक्षित होते.

सांगता सांगता तिला ते पाहावेसे वाटले. गट विसावला तेव्हा ओळखीचा पहारेकरी सबिनो तिला खालच्या कोठारात घेऊन गेला.

छतातून पाणी ठिबकत होते. पेटी कुजली होती. मासे कुठेच नव्हते. तळाशी सुट्या खड्यांचा ढीग होता आणि त्यावर कोणीतरी फेकलेल्या रिकाम्या बाटल्या.

हे कोणाचे काम, असे तिने विचारले.

"दोन कचेऱ्यांचं भांडण चाललंय, बाई," सबिनो म्हणाला. "ते मिटलं की बघेल कोणीतरी."

ती घरी परतली तेव्हा संतापाने तिचा जबडा आवळलेला होता. तो चेहरा पाहूनच एत्तोरेने हात टेकले. दुपारी खड्डा बुजवायला खोरे उचलले होते, पण आपल्याच्याने झाले नाही, असे तो खाली बघत म्हणाला.

"तू जिंकलीस. लागू दे कुलूप. आत्ताच फोन करतो."

लोरेदानाने त्याच्या हातातला फोन काढून गल्ल्यावर ठेवला. बाहेरचा दरवाजा आतून लावून घेतला, बाह्या वर सारल्या आणि चाळलेली वाळू कुठे आहे ते विचारले. मग ती खड्ड्यात उतरली, ओल्या फडक्याने मुलीचा चेहरा पुसला आणि वाळूची पहिली मूठ स्वतःच्या हाताने त्यावर पसरली.