कार्डावर नसलेला रंग

ओहोटीला खारदांड्याचा खडक उघडा पडला. मानसी गुडघ्यावर बसून रंगाचं कार्ड पोवळ्याला लावून बघत होती. गडद तपकिरी म्हणजे ठणठणीत, फिकट म्हणजे आजारी, पांढरं म्हणजे संपलं. शेंदरी रंग कार्डावर नव्हताच. खडकावर मात्र बोटभर जाड शेंदूर थापलेला.

"मावशी, हे कोणी केलं?"

सुगंधा कोळीण रिकामी पाटी उगाच झटकत राहिली. एरवी तिची जीभ कधी गप्प बसली होती? कालवं काढणाऱ्या बायांच्या कोयत्याखाली पोवळंही फुटतं म्हणून ही पोरगी रडकुंडीला आली, तेव्हा सुगंधाच डोळा मारून म्हणाली होती, "तुझा तो बोर्ड कोण वाचतंय गो? मी बघते." आणि दिली थाप गावभर सोडून, की खडकात देवी हाय! भरतीला श्वास घेते. एकीनं कोयता मारला, तर तिच्या नवऱ्याची मिशी रातोरात गळून उशीवर पडली!

कोयते थांबले. दोघी पोट धरून हसल्या.

मग नारळ यायला लागले. मागोमाग तेल नि शेंदूर.

मानसीनं नखानं शेंदूर खरवडला. खालचं पोवळं बुळबुळीत होऊन सुटून आलं. कुजकट वास सुटला. तिनं पलीकडे खरवडलं. तिथंही तेच.

"एवढंच होतं, मावशी, या बाजूला."

"जरा सरका ना हो!" साडी खोचून एक बाई खडकावर चढत होती. हातात नारळ, काखेत तेलाची बाटली. "मालाडवरून आलेय. पाणी चढायच्या आत उरकू दे."

सुगंधा आडवी आली. "नको बाय. देवी-बिवी काय नाय. मीच थाप मारलेली."

"काहीतरीच काय आजी! नवस केला नि माझ्या सुनेला दिवस गेले. ती काय थाप?"

सुगंधानं मानसीच्या हातातल्या त्या बुळबुळीत तुकड्याकडे पाहिलं.

"गेली ती," ती म्हणाली. "देवी गेली इथून."

बाईचा नारळ उगारलेला हात थांबला. "गेली? कुठं गेली?"

सुगंधानं पलीकडच्या खडकांकडे पाहिलं नि पटकन नजर वळवली.

बाई वाट बघत उभी होती. खाली मानसी शेंदरानं माखलेली बोटं कार्डाच्या पांढऱ्या चौकोनावर पुसत होती.