राक्षसिणीचा डबा

"मान सरळ ठेवा, कांताबाई, साप गळून राहिले!" विंगेतून भैय्याजी कुजबुजले.

कांताबाईंच्या डोक्यावर कूलरच्या जुन्या पाइपांचे बारा साप डुलत होते. कॉलनीच्या स्नेहसंमेलनात यंदा भैय्याजींनी ग्रीस देशातली जुनी गोष्ट बसवली होती. नियम त्यांनी माइकवरून आधीच ठणकावून सांगितला होता: या राक्षसिणीच्या तोंडाकडे जो पाहील, तो दगड होईल. म्हणून शूरवीर पाठमोरा येणार, आरशात पाहत पाहत तिचं मुंडकं उडवणार.

गेली अकरा वर्षं कॉलनीतली प्रत्येक राक्षसीण कांताबाईच झाल्या होत्या. एकीलाही बोलायला मिळालं नव्हतं. यंदा त्यांनी मन घट्ट करून भैय्याजींना विचारलं होतं, "घर तिचं. तलवार घेऊन येते तो. अन् तिनं काहीच बोलू नये? एक तरी वाक्य द्या नं जी!"

"राक्षसिणीले कायचं वाक्य?" भैय्याजी हसले होते. "तुम्हाले फक्त मरायचं आहे."

ते हसणं कांताबाईंना फार लागलं होतं.

आता त्या गुहेत मांडी घालून बसल्या. पदराखालून डबा काढला आणि निवांत पोळी मोडली. हे काही तालमीत नव्हतं. पण राक्षसिणीलाही भूक लागत असेल, म्हणून भैय्याजींनी सोडून दिलं.

शूरवीर झालेला सौरव उलट्या पावलांनी गुहेत शिरला. एका हातात पुठ्ठ्याची तलवार, दुसऱ्या हातात आरसा म्हणून घासून लखलखीत केलेली परात. पोरगा भारी वळणाचा. वडीलधाऱ्यांशी पाठ फिरवून बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने तलवार उगारली.

"ये गा बाबू, जेवाले," कांताबाई मायेने म्हणाल्या.

सौरव गर्रकन वळला, परात छातीशी धरून लवला. "तुमचं होऊ द्या काकू, होऊ द्या!"

पुढच्या रांगेतली पोरं किंचाळली, "पाह्यलं, पाह्यलं! दगड झाला!"

सौरवने घाबरून विंगेकडे पाहिलं. भैय्याजींनी कपाळावर हात मारून घेतला, पण नियम त्यांचाच होता. बिचारा तलवार वर धरून जागच्या जागी थिजला.

कांताबाईंनी सावकाश शेवटचा घास खाल्ला. डब्यातच हात धुतले. ओला नॅपकिन दगडाच्या तलवारीवर वाळत घातला आणि माइक जवळ ओढला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता ऐका माही गोष्ट."