जाळीचे चार स्क्रू

“माझी खोली सोडा,” घड्याळजी म्हणाले. “बाकी सगळं घर बघा.”

घरभर गरम हवा नेणारे डक्ट साफ करणारा माणूस हत्यारांची पेटी उघडत होता. त्याने नुसती मान वर केली. घड्याळजींची मुलगी दाराला टेकून उभी होती. रात्रपाळी संपवून ती आत्ताच आली होती, हॉस्पिटलचे कपडेही अजून अंगावरच होते.

“तुमच्या खोलीसाठीच तर बोलावलंय त्यांना,” ती म्हणाली. “घरभर गरम हवा येते आणि इथे नुसता गारठा. डक्ट धुळीने तुंबला असणार. साफ करायचा की नाही, तेवढं ते बघून सांगतील.”

“धूळ काय असते ते मला नको शिकवूस. चाळीस वर्षं घड्याळं साफ केलीत. चालतं घड्याळ उगाच उघडू नये, उघडलं की बिघडतं.”

“चालतंय कुठे, बाबा? हात बघा तुमचे, बर्फ झालेत.”

घड्याळजींनी हात शालीत ओढून घेतले. 

मुलीची खोली बरोबर त्यांच्या डोक्यावर, आणि दोन्ही खोल्यांना डक्ट एकच. खोकल्याची ढास लागली की आवाज थेट वर जायचा. पोर रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहते, दिवसा तरी तिचा डोळा लागावा, म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी गुपचूप डक्टच्या तोंडावरची जाळी काढून आत मफलर कोंबला. तोही कुठला, तर तिनेच पहिल्या पगारातून आणलेला. हाताशी जाड असं तेवढंच होतं. मग मफलर हरवल्याची थाप मारावी लागली, आणि त्या बिचारीने सगळं घर पालथं घातलं. एवढं करूनही तिचे खोल गेलेले डोळे काही वर येईनात. दिवसातून सात-आठदा पाणी प्यायला म्हणून ती खाली उतरायची. जिन्यात पाऊल वाजलं की घड्याळजी डोळे मिटून पडून राहायचे.

डक्टवाल्याने खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली. बाहेरच्या खोलीतल्या जाळीसमोर धरली, ती फडफडली. स्वयंपाकघरात धरली, तिथेही फडफडली. घड्याळजींच्या खोलीत मात्र ती निमूट लोंबत राहिली.

“मोटर जुनी झाली असेल,” घड्याळजी म्हणाले.

“असेल की,” तो म्हणाला आणि जाळीशी वाकला. मग स्क्रूड्रायव्हर हातात तसाच ठेवून तो हसला. “ताई, ही जाळी कुणीतरी आधीच उघडलीय. आणि लावणारा हात कसबी आहे हो. हे बघा, चारी स्क्रूंच्या खाचा एका रेषेत. असं कोण लावतं आजकाल?”

मुलीने स्क्रू पाहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेची बिजागरी, टेबलावरच्या चष्म्याची दांडी, असं जिथे जिथे बापाने स्क्रू पिळला होता तिथे तिथे तिची नजर गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घड्याळजी खिडकीबाहेर बघत राहिले.

जाळी निघाली. डक्टवाल्याने आत हात घातला आणि धुळीने माखलेला राखाडी मफलर हळूहळू बाहेर ओढला. मागोमाग गरम हवेचा झोत आला. त्याने विजेरी लावून आत नीट पाहिलं, बोट फिरवलं, बोटाकडेही पाहिलं.

“साफ करायची गरज नाही, ताई. डक्ट चांगला आहे. बोळा निघाला, काम झालं.”

मुलीने मफलर हातात घेतला.

“हरवला होता ना?”

“सापडला की,” घड्याळजी म्हणाले.

ती हसली नाही. “का केलंत असं, बाबा?”

“खोकला काय आपलं ऐकतो? तुला झोप मिळावी म्हणून केलं, दुसरं काय.”

“झोप!” ती खाटेच्या कडेला मटकन बसली. “तुमचा खोकला ऐकू आला की कूस बदलून झोपायचे मी. महिनाभर खालून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी दर तासाला खाली येते. दारात उभी राहून बघते, पांघरूण वरखाली होतंय की नाही.”

 पाण्याचा ग्लास कधी वाजलाच नव्हता, हे घड्याळजींना आत्ता आठवलं.

डक्टवाला उगाचच पेटी आवरत बसला. मग जाळी जागेवर धरून त्याने स्क्रूड्रायव्हर घड्याळजींपुढे केला. “तुम्हीच लावा, काका. मला तसं जमायचं नाही.”

त्यांनी लावले. चारी खाचा एका रेषेत आल्या. मुलीने मफलर झटकून धुवायला टाकला, संध्याकाळी दोघांनी डॉक्टरांकडे जायचं असं बजावलं आणि ती वर गेली.

खोली ऊबदार होत आली. जरा वेळाने ढास आली. सवयीने घड्याळजींचा हात तोंडावर दाबायला उशीकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला आणि ते मोकळेपणाने खोकले.

“ऐकलं!” जाळीतून आवाज आला. अर्धवट झोपेतला.

मग वर सगळं शांत झालं. घड्याळजी बराच वेळ कान देऊन बसले. पाऊल वाजलं नाही, जिना वाजला नाही. तासभर झाला तेव्हा ते उठले, जाळीपाशी गेले, आणि खोकला आलेला नसतानाही हलकेच एकदा खोकले.